एका झडपेची निवड : पेंटबॉल मार्करच्या पोटातला इतिहास

२७ जून १९८१. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातील हेनिकर गावाजवळच्या रानात बारा माणसे शिरली. प्रत्येकाच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मा होता आणि हातात रंगाच्या गोळ्या झाडणारे पिस्तूल. रानात ठिकठिकाणी ठेवलेली निशाणे गोळा करायची आणि अंगावर रंगाचा डाग न पडू देता बाहेर पडायचे, एवढाच खेळ होता. तो जिंकला रिची व्हाइट नावाच्या, रानाची सवय असलेल्या माणसाने. संपूर्ण खेळात त्याने एकही गोळी झाडली नाही.

त्यानंतर वीस वर्षांनी याच खेळातील माणसे मुठीत मावेल एवढ्या धातूच्या नळकांड्यावरून रात्र रात्र वाद घालत होती. नळकांडे पोलादाचे घ्यावे की अ‍ॅल्युमिनियमचे? त्यात कार्बन डायऑक्साइड चालेल की फक्त हवा? ते बसवल्यावर सेकंदाला किती गोळ्या सुटतील? नळकांड्याचे नाव झडप, म्हणजेच व्हॉल्व्ह. एकही गोळी न झाडता जिंकता येणारा खेळ झडपेपाशी येऊन कसा अडकला, त्याचा हा धागा.

आधी झडप म्हणजे काय ते पाहू. महाराष्ट्रात अनेकांनी गोटी सोडा प्यायला असेल. हायरम कॉड या इंग्रज माणसाने १८७०च्या दशकात काढलेली ती बाटली. बाटलीतला कार्बन डायऑक्साइड काचेच्या गोटीला आतून वर ढकलतो आणि गोटी मानेतल्या रबरी कड्यावर घट्ट बसते. बाटली बंद ठेवण्याचे काम बाहेरचे झाकण करीत नाही, आतला दाबच करतो. दाब जितका जास्त, तितकी गोटी पक्की. सोडा प्यायचा तर अंगठ्याने त्या दाबावर मात करून गोटी आत ढकलावी लागते.

पेंटबॉलच्या मार्करमधली जुनी झडप नेमकी अशीच आहे. (या बंदुकीला खेळाडू ‘गन’ न म्हणता ‘मार्कर’ म्हणतात. त्यामागे एक कारण आहे, ते पुढे येईलच.) गोटीच्या जागी तिथे एक छोटी टोपी असते, रबरी कड्याच्या जागी बैठक आणि अंगठ्याच्या जागी स्प्रिंगने उडणारा हातोडा. हातोडा आदळतो, टोपी क्षणभर उघडते, गॅसचा एक झोत निसटतो आणि आतल्या दाबाने टोपी पुन्हा मिटते. तो क्षण सेकंदाचा काही हजारांश भाग असतो. मार्करचे सारे गुणदोष तेवढ्या वेळात ठरतात.

ही कल्पना पेंटबॉलपेक्षा दोनशे वर्षे जुनी आहे. १७८०च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यात बार्तोलोमेओ जिरार्दोनी याने रचलेली हवेची रायफल दाखल झाली. तिचा दस्ता म्हणजे पत्र्याची, रिवेट मारून आणि झाळून बनवलेली हवेची टाकी होती. ती भरायला हातपंपाचे सुमारे दीड हजार दट्टे मारावे लागत. चाप ओढला की हातोडा दांडीवर आदळे, दांडी झडप उघडे आणि टाकीतील थोडी हवा गोळीमागे सुटे. नळीत वीसेक गोळ्या मावत. ज्या काळी सामान्य शिपाई एक गोळी झाडून पुन्हा दारू ठासत उभा राही, त्या काळात हे शस्त्र भयंकरच म्हटले पाहिजे. धूर नाही, ठिणगी नाही, आवाजही कमी.

तरीही १८१५ पर्यंत ती सैन्यातून गेली. तिला शत्रूने हरवले नाही, गळतीने हरवले. टाकीचे सांधे सुटत, चामड्याची गॅसकेट ओली ठेवावी लागे, आणि रणांगणावरच्या शिपायाला घड्याळजीचे काम येत नसते. अमेरिकेच्या पश्चिमेकडे १८०४ ते १८०६ या काळात गेलेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेतही हवेची एक रायफल होती. ती जिरार्दोनी पद्धतीची असावी, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. मोहिमेत तिचा मोठा उपयोग शिकारीपेक्षा वाटेत भेटणाऱ्या मूलनिवासी जमातींना चकित करण्यासाठी झाला. जिरार्दोनीच्या टाकीतला दाब आज साधारण ८०० पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला ८०० पौंड, मानला जातो. हा आकडा लक्षात ठेवावा, तो पुन्हा भेटणार आहे.

पंप मारण्याच्या कटकटीवर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्सच्या पॉल जिफार्ने उपाय काढला. त्याने बंदुकीला द्रवरूप कार्बन डायऑक्साइडची नळी जोडली. खोलीच्या तापमानाला म्हणजे २० अंश सेल्सिअसला द्रव कार्बन डायऑक्साइडच्या वरचा वायू स्वतःहूनच सुमारे ८३० पीएसआयचा दाब धरून बसतो. दीड हजार दट्टे मारून ऑस्ट्रियाचा शिपाई जिथे पोहोचे, तिथे हा वायू आपोआप पोहोचतो. शिवाय थोडा वायू वापरला गेला की द्रवातला आणखी थोडा भाग उकळून ती जागा भरून काढतो, त्यामुळे टाकी संपत येईपर्यंत दाब फारसा उतरत नाही. निसर्गाने फुकट दिलेला रेग्युलेटरच तो. पेंटबॉलचे सारे बालपण याच वायूवर गेले.

आता रंगाकडे वळू. मिशिगन राज्यातील आयर्न माउंटन येथील नेल्सन पेंट कंपनी जंगलातील झाडांवर खुणा करण्याचा रंग बनवीत असे. कोणते झाड तोडायचे आणि कोणते राखायचे, हे वनरक्षकाला रंगाने दाखवावे लागे. त्यासाठी ओढे, काटेरी झुडपे तुडवत प्रत्येक झाडापाशी जावे लागे. दुरूनच रंग मारता आला तर? १९६०च्या दशकात क्रॉसमन कंपनीने त्यासाठी एक पिस्तूल बनवले, पण ते फारसे खपले नाही. मग नेल्सन कंपनी डेझी या हवेच्या बंदुका बनवणाऱ्या कंपनीकडे गेली. तिथल्या जेम्स हेलने जे यंत्र रचले, त्याचे पेटंट जानेवारी १९७४ मध्ये मंजूर झाले. ते बाजारात आले ‘नेलस्पॉट ००७’ या नावाने. गोळी होती ०.६८ इंच व्यासाची, औषधाच्या कॅप्सूलसारख्या जिलेटिनच्या कवचाची, आत तेलरंग. वनरक्षकांबरोबर पशुपालकांनीही ते घेतले, कारण कळपातल्या जनावरावर दुरून खूण करता येई. ‘मार्कर’ हा शब्द इथला आहे. खूण करणारे यंत्र ते मार्कर. पुढे खेळाडूंनी तो शब्द आवर्जून टिकवला, कारण ‘बंदूक’ म्हटले की शेजारी, पोलीस आणि विमा कंपनी तिघेही दचकतात.

नेलस्पॉट हे कामाचे हत्यार होते, त्यामुळे त्याची झडपही कामापुरतीच होती. १२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची छोटी नळी, एक हातोडा, एक टोपी. प्रत्येक गोळीआधी यंत्र हाताने ओढून तयार करावे लागे. झाडाला घाई नसते.

लेखक चार्ल्स गेन्स आणि शेअर दलाल हेज नोएल या दोन मित्रांत एक जुना वाद चालू होता. शहरात स्पर्धा करून जगलेला माणूस रानात टिकेल, की रानात वाढलेलाच टिकेल? वाद मिटवायला त्यांच्या हाती हे पिस्तूल लागले. बॉब गर्न्सी या तिसऱ्या मित्राने नियम बसवले आणि त्यातून हेनिकरचा तो दिवस उगवला. वादाचा निकाल रानाच्या बाजूने लागला, निदान त्या दिवशी. वर्षभरातच गर्न्सीने ‘नॅशनल सर्व्हायव्हल गेम’ या नावाने त्याचा व्यवसाय उभारला आणि पुढे तेलरंगाच्या जागी धुतला जाणारा रंग आला. टर्पेंटाइनने अंग घासत घरी जाण्याचे दिवस संपले.

इथपर्यंत झडपेचा विचार कोणी करीत नव्हते. करायची गरज पडली ती १२ ग्रॅमच्या नळीला कंटाळलेल्या खेळाडूंनी मोठी टाकी जोडल्यावर.

मोठी टाकी जोडली आणि जिफार्च्या त्या फुकट रेग्युलेटरचे दुसरे रूप दिसले. कार्बन डायऑक्साइडचा दाब तापमानावर अवलंबून असतो. २० अंशांना ८३० पीएसआय असलेला दाब शून्य अंशाला सुमारे ५०० वर उतरतो आणि ३० अंशांना हजाराच्या पुढे जातो. म्हणजे थंडीतल्या सकाळी गोळी अर्ध्या वाटेत पडणार आणि उन्हातल्या दुपारी तीच गोळी धोकादायक वेगाने जाणार. भरीला आणखी एक अडचण होती. भराभर गोळ्या झाडल्या की द्रव उकळताना टाकीतली उष्णता शोषली जाते, टाकी गारठते, दाब पडतो. टाकी तिरकी झाली तर द्रवच झडपेत शिरतो, तिथे एकदम फुगतो आणि रबरी ओ-रिंगा गोठवून फाडतो. मैदानांनी गोळीच्या वेगावर सेकंदाला ३०० फुटांची मर्यादा घातली होती, ती डोळ्यांच्या चष्म्याची काच काय झेलू शकते ते पाहून. म्हणजे झडपेचा आणि माणसाच्या डोळ्याचा संबंध थेट होता. खेळाच्या सुरुवातीच्या काळात अनेकांनी चष्मा काढून डोळे गमावले आहेत.

संगीतातल्या घराण्यांप्रमाणे झडपांचीही घराणी होती. पहिले नेल्सनचे. त्यात हातोडा, झडप आणि गोळी ढकलणारा बोल्ट हे सारे एकाच नळीत एका रेषेत. दुसरे शेरिडनचे, दुमजली. वरच्या नळीत बोल्ट, खालच्या नळीत हातोडा आणि झडप. १९८०-९०च्या दशकांत गाजलेली बहुतेक यंत्रे या दोहोंपैकी एका घराण्याची आहेत. बड ऑर यांचे ऑटोकॉकर आणि नंतर घरोघरी पोहोचलेले स्पायडर ही दोन्ही शेरिडनची नातवंडे.

तिसरीकडून एक वेगळाच माणूस या क्षेत्रात आला. इंडियानातील डेनिस टिपमन हे खऱ्या मशीनगनच्या अर्ध्या आकाराच्या, चालणाऱ्या प्रतिकृती बनवीत. १९८६ साली अमेरिकेत सामान्य नागरिकांसाठी नव्या मशीनगन बनवण्यावर बंदी आली आणि धंदाच बसला. टिपमन पेंटबॉलकडे वळले. एका कायद्याच्या कलमाने एका उद्योगाला आपला उत्तम यंत्रकार दिला, असे इतिहासात क्वचित घडते.

या काळात ‘झडप बदलणे’ हा उद्योग सुरू झाला. शेरिडन घराण्यातल्या झडपेत बदलण्यासारखे काय असते? गोटी सोडा पुन्हा आठवावा. टोपीवर आतला दाब बसलेला असतो. टोपीचे क्षेत्रफळ जितके मोठे, तितका तो दाब अधिक जोराने तिला बंद ठेवतो. हातोड्याला तेवढेच अधिक कष्ट. म्हणून नव्या झडपेत टोपी आटोपशीर केली जाई, तिच्या मधली दांडी बारीक केली जाई आणि गॅस जाण्याच्या वाटेतले कोपरे घासून वाट रुंद केली जाई. बस, एवढेच. पण या एवढ्यातून एक चमत्कारिक वागणूक जन्माला येई, जी कित्येकांना अखेरपर्यंत कळली नाही. दाब वाढवला की गोळीचा वेग वाढतो, हे उघड वाटते. परंतु दाब वाढवला की टोपी अधिक जोराने मिटते, म्हणजे कमी वेळ उघडी राहते, म्हणजे गॅस कमी निघतो. एका मर्यादेपलीकडे दाब वाढवावा तसा वेग घटत जातो! ऑटोकॉकर लावून देणारे कारागीर या शिखराचा शोध घेत बसत. रेग्युलेटर थोडा फिरवायचा, वेग मोजायचा, पुन्हा फिरवायचा. ज्याला ते शिखर सापडे त्याच्या यंत्राचा वेग गोळीमागून गोळी एकसारखा राही, कारण शिखरावर दाब थोडा इकडे-तिकडे झाला तरी वेग फारसा हलत नाही.

नव्वदीच्या दशकात ‘कमी दाब’ हा परवलीचा शब्द झाला. जाहिरातींतून, मैदानांतून एकच मंत्र. कमी दाबावर चालणारी झडप घ्या, गोळी हळुवार सुटेल, नळीत फुटणार नाही. यात तथ्य किती? गोळीचे वजन सुमारे ३ ग्रॅम. तिला सेकंदाला ३०० फुटांच्या जवळ न्यायचे तर सुमारे १२ ज्यूल ऊर्जा लागते, एक किलोचे वजन सव्वा मीटर उचलण्याएवढी. ही ऊर्जा दाब आणि घनफळ यांच्या गुणाकारातून येते. दाब निम्मा केला तर गॅसचे घनफळ वाढवावे लागते, त्यासाठी झडपेपुढची पोकळी मोठी करावी लागते आणि झडप अधिक वेळ उघडी ठेवावी लागते. गोळीला मिळणारी ढकल शेवटी तेवढीच. नळीत गोळ्या फुटत, त्या बहुतेक वेळा दाबाने नव्हे तर अर्धवट खाली आलेल्या गोळीवर बोल्ट मिटल्याने. म्हणजे रोग एका जागी आणि औषध दुसऱ्या. कमी दाबाचे खरे फायदे वेगळे होते. हातोडा व स्प्रिंग हलके करता येत, यंत्राचा धक्का कमी होई. पण ‘हळुवार’ हा शब्द विकायला सोपा असतो.

या साऱ्या गोंधळात इलिनॉय राज्यातील एअरगन डिझाइन्स या छोट्या कंपनीच्या टॉम के यांनी हातोडाच काढून टाकला.

१९९० साली आलेल्या त्यांच्या ‘ऑटोमॅग’ची रचना मुळातून वेगळी होती. त्यात झडप म्हणजे यंत्राचा एक भाग नव्हता, झडप म्हणजेच यंत्र होते. एका दंडगोलात मागे रेग्युलेटर, मध्ये गॅसची वाट बंद-चालू करणारी एक खीळ, पुढे ठरावीक मापाची पोकळी. पोकळीत मोजका गॅस साठतो आणि बोल्टला पुढे ढकलू पाहतो, पण चापाला जोडलेली अडकण त्याला रोखून धरते. चाप ओढला की आधी खीळ सरकून मागचा पुरवठा बंद करते आणि मगच अडकण सुटते. बोल्ट गॅसच्या जोराने पुढे झेपावतो, गोळीला नळीत बसवतो आणि वाट मोकळी होताच पोकळीतला सगळा गॅस गोळीमागे रिकामा होतो. स्प्रिंग बोल्टला परत आणते. चाप सोडला की खीळ उघडते आणि पोकळी पुन्हा भरते.

यातली सुंदर गोष्ट म्हणजे पुरवठा आधी बंद होतो, ही. दर गोळीला पोकळीभर गॅस, ना कमी ना जास्त. किराणा दुकानदाराच्या मापट्यासारखा हिशेब. वेग बदलायचा तर मागचा रेग्युलेटर फिरवायचा. हातोड्याचा जोर, टोपीचे क्षेत्रफळ, शिखराचा शोध हे सारे प्रश्नच उरत नाहीत.

उणिवा दोन होत्या. पहिली, बोल्ट सुरुवातीपासूनच पूर्ण जोराने पुढे येई. गोळी अर्धवट खाली आलेली असेल तर तिचे दोन तुकडे ठरलेले. दुसरी, पोकळी पुन्हा भरायला रेग्युलेटरला वेळ लागे. झपाट्याने चाप ओढणाऱ्याच्या पुढच्या गोळ्या मंद पडत. सुरुवातीला ही दुसरी उणीव कुणाला जाणवली नाही, कारण वरच्या डब्यातून गोळ्या केवळ स्वतःच्या वजनाने खाली येत आणि त्यांचाच वेग बेताचा होता. डब्यात बॅटरीवर फिरणारे पाते आले आणि मग झडप मागे पडली.

दुसऱ्या उणिवेवर के यांनी नव्वदीच्या मध्यावर ‘आरटी’ झडप आणली. तिने पोकळी इतक्या वेगाने भरे की माणसाचे बोट तिला थकवू शकत नसे. तिच्यात एक अनपेक्षित गुण निघाला. येणाऱ्या गॅसचा दाब त्या खिळीवर पडे, खीळ चापाला उलट ढकले आणि चाप बोटाला पुढे लोटून स्वतःच जागेवर येई. म्हणूनच नावात ‘प्रतिसाद देणारा चाप’ आला. येणारा दाब वाढवावा तशी ही उलट ढकल वाढे. बोट एका विशिष्ट सैलपणाने धरले की चाप ढकलला जाई, बोट परत त्यावर पडे, पुन्हा ढकलला जाई... आणि यंत्र जणू आपोआप गोळ्या ओकू लागे. एकही बॅटरी नाही, एकही तार नाही.

इथे प्रश्न यंत्राचा राहिला नाही, नियमांचा झाला. स्पर्धेचा नियम होता, चापाच्या एका ओढीला एक गोळी. इथे तांत्रिकदृष्ट्या प्रत्येक गोळीला चाप ओढला जात होता. ओढणारा कोण, बोट की गॅस? पंचांनी ते कसे ठरवायचे? ‘चाप उसळणे’ हा शब्द तेव्हापासून नियमपुस्तकांत आणि भांडणांत कायमचा बसला.

एव्हाना वायूही बदलत होता. कार्बन डायऑक्साइडच्या लहरीपणाला विटलेले खेळाडू दाबून भरलेल्या हवेकडे वळले. ३,००० किंवा ४,५०० पीएसआयची टाकी, तिच्या तोंडाशी रेग्युलेटर, बाहेर सुमारे ८०० पीएसआयची हवा. (पुन्हा तोच आकडा! जिरार्दोनीचा शिपाई इथे भेटला असता तर आधी त्याने टाकीचे सांधे तपासले असते.) हवा द्रवरूपात नसल्याने थंडी-उन्हाचा परिणाम कमी आणि झडपेत द्रव शिरण्याचे भय नाही. आरटी झडपेला ही हवाच लागे. कार्बन डायऑक्साइड तिला मानवत नसे.

आता २००० नंतरच्या त्या खेळाडूच्या जागी उभे राहून पाहावे, ज्याच्याकडे जुने ऑटोमॅग आहे आणि झडप बदलायची आहे. त्याच्यापुढे वाटा अशा. मूळची पोलादी झडप तशीच ठेवायची. ती जड आहे, जलद माऱ्यात दमते, पण दोन्ही वायूंवर चालते आणि सहसा बिघडत नाही. किंवा ‘रेट्रो’ झडप, म्हणजे जुन्या देहात बसेल अशी केलेली आरटी. किंवा ‘एक्स-व्हॉल्व्ह’, तेच अंतरंग पण अ‍ॅल्युमिनियमच्या हलक्या देहात. या दोहोंसाठी हवेची टाकी आली, म्हणजे झडपेच्या किमतीत टाकीची किंमतही मिळवायला हवी. जवळपास हवा भरून देणारे मैदान नसेल तर सारे व्यर्थ. गावाबाहेरच्या रानात खेळणाऱ्या, अग्निशामक नळकांडी भरणाऱ्या दुकानातून कार्बन डायऑक्साइड भरून आणणाऱ्या मुलासाठी हा निर्णय झडपेचा नव्हताच. कोणत्या मैदानावर, कोणत्या लोकांत खेळायचे, याचा होता.

आणि चौथी वाट होती, ‘लेव्हल १०’ बोल्टची. तो जुन्या झडपेतही बसे. त्यात बोल्ट सुरुवातीला अगदी हलक्या जोराने पुढे येतो. वाटेत गोळी अडली तर तो तिथेच थबकतो, गॅस मागच्या बाजूने निसटतो आणि बोल्ट परततो. गोळी अखंड राहते. वाट मोकळी असेल तरच पुढचा जोर लागू होतो. ही नाजूक तोल राखणारी गोष्ट एका ओ-रिंगच्या मापावर अवलंबून असल्याने पेटीत वेगवेगळ्या मापांच्या कड्या मिळत आणि खेळाडूला एकेक लावून पाहत आपल्या यंत्राचे माप शोधावे लागे. माप सैल झाले तर गळती, घट्ट झाले तर बोल्ट अडके. या कटकटीला कंटाळून तो काढून फेकणारेही पुष्कळ होते.

निष्पक्षपणे पाहिले तर बहुतेक साध्या खेळाडूंना लाभ लेव्हल १०चाच अधिक होता. पहिली उणीव, गोळी चिरडण्याची, रोजची होती. दुसरी, झडप दमण्याची, क्वचितची. पण विकले गेले, हेवा वाटला गेला आणि आजही ज्याच्याविषयी आदराने बोलले जाते ते नाव एक्स-व्हॉल्व्हचे. वेगाचे आकर्षण निराळेच असते.

दरम्यान खेळाचे भविष्य दुसरीकडे ठरत होते. १९९६ च्या सुमारास स्मार्ट पार्ट्स कंपनीचे ‘शॉकर’ आणि ब्रिटनमधील ‘एंजल’ ही यंत्रे आली. त्यांत झडप उघडण्याचा हुकूम विजेचा होता. चाप म्हणजे नुसते बटण. सर्किटला सांगितले की तेच मोजून झडप उघडे. के यांनीही ‘ई-मॅग’ काढून या प्रवाहात उडी घेतली, मात्र बॅटरी संपली तर हातानेही चालेल अशी सोय ठेवून. पण स्मार्ट पार्ट्सने इलेक्ट्रॉनिक मार्करवर पेटंटे मिळवली आणि २००० नंतर इतर उत्पादकांवर खटले भरले. छोट्या कारखान्यांपुढे परवान्याचे पैसे भरा, लढा किंवा बंद करा, असे तीन पर्याय उरले. खेळाडूंच्या मनात त्या कंपनीविषयी जी कटुता साचली ती तिची यंत्रे कितीही चांगली असली तरी धुतली गेली नाही. २०१० मध्ये स्मार्ट पार्ट्स स्वतःच बंद पडली.

वेगाची शर्यत शेवटी नियमांनीच थांबवली. मोठ्या अमेरिकी स्पर्धांनी आधी सेकंदाला १५ गोळ्यांची मर्यादा घातली, मग टप्प्याटप्प्याने ती १० च्या आसपास आणली. ज्या वेगासाठी झडपा बदलल्या, तो वेग कायद्याने निरुपयोगी झाला.

याच काळातली एक गोष्ट धाग्यांत सहसा येत नाही. मार्करच्या झडपेवर इतका खल चालू असताना माणसे मेली ती टाकीच्या झडपेमुळे. मार्करमधून टाकी फिरवून काढताना काही वेळा टाकी आणि तिच्या तोंडाची पितळी झडप यांमधलाच आटा फिरत जाई. तो सुटला की ८०० पीएसआयच्या दाबाने टाकी तोफगोळ्यासारखी उडे. जीवितहानी झाल्यानंतर २००४ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने इशारा दिला आणि झडप व टाकी एकमेकांपासून सुटू लागल्यास लगेच दिसेल अशा खुणा, तसेच आटा घट्ट ठेवणारी व्यवस्था यांवर भर आला. झडपेवर आणि टाकीवर एका रेषेत ओढलेला नेलपॉलिशचा पट्टा ही त्यातली सर्वांत साधी आणि स्वस्त युक्ती. रेषा तुटलेली दिसली की टाकीला हात लावायचा नाही.

टॉम के पुढे जीवाश्मांकडे वळले. टायरानोसॉरसच्या हाडांत सापडलेल्या मऊ ऊती प्रत्यक्षात जिवाणूंच्या थराच्या असाव्यात, असा दावा करणारा २००८ मधला बहुचर्चित शोधनिबंध त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आहे. लेझरच्या प्रकाशात जीवाश्म चमकवून डोळ्यांना न दिसणारे तपशील टिपण्याच्या तंत्रातही त्यांचा मोठा वाटा आहे. त्या दाव्यावर पुराजीवशास्त्रज्ञांत मोठा वाद झाला. वाद त्यांना नवा नव्हता.

हाताने चालणाऱ्या, बिनबॅटरीच्या मार्करच्या स्पर्धा अलीकडे पुन्हा भरू लागल्या आहेत आणि जुन्या ऑटोमॅगला गिऱ्हाईक आले आहे. विकत घेणारा जाणकार आधी झडप काढून तळहातावर तोलतो, पोलाद आहे की अ‍ॅल्युमिनियम ते पाहतो, खीळ दाबून सोडतो आणि मग पहिला प्रश्न विचारतो : यात शेवटच्या ओ-रिंगा कधी बदलल्या?